मदत हवी आहे: अभिनेत्यांच्या निर्मितीसंस्थेपर्यंत पटकथा कशी पोहोचवायची?

मंडळी, माझी हिंदी पटकथा पूर्ण झाली आहे, बाउंड स्क्रिप्ट (संवादांसह पूर्ण पटकथा) तयार आहे, स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये नोंदणीही केली आहे. भूमिका पन्नाशीच्या नायकाची आहे, म्हणून स्वतःची निर्मितीसंस्था असलेल्या अभिनेत्यांकडे जायचं ठरवलं. आणि तिथेच गाडी अडली.

एका ऑफिसातून उत्तर आलं की न मागवलेलं लिखाण आम्ही उघडतही नाही. कारण समजतं. उद्या त्यांचा मिळताजुळता सिनेमा आला तर चोरीचा दावा नको. दुसरीकडे वाचण्याआधी रिलीज फॉर्मवर, म्हणजे हक्क सोडण्याच्या संमतिपत्रावर, सही मागितली. त्यात 'असंच कथानक आमच्याकडे आधीपासून असू शकतं, तक्रार करणार नाही' असं कलम आहे. नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो हे सर्वोच्च न्यायालयाने आर. जी. आनंद खटल्यात 1978 मध्येच स्पष्ट केलंय, त्यामुळे धाकधूक जास्त. सही करावी का? असा फॉर्म कुणी वकिलाला दाखवलाय का?

दुसरं म्हणजे नॅरेशन, म्हणजे समोर बसून पटकथा तोंडी ऐकवणं. वाचायला वेळ नाही, पण ऐकायला मिळेल म्हणतात. तिथवर नेणारा कोण: मॅनेजर, दिग्दर्शक की संस्थेतला क्रिएटिव्ह प्रोड्यूसर? मला वाटतं आधी दिग्दर्शक गाठावा, पण अनुभव असलेल्यांनी सांगा. एनएफडीसीच्या (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या) पटकथा लॅबमधून किंवा गोव्याच्या फिल्म बाजारातून, म्हणजे चित्रपट व्यावसायिकांच्या मेळाव्यातून, कुणाला खरंच दार उघडलं का?

'ओळख लावा' हा सल्ला कृपया नको, तो घरचेही देतात. ईमेलमध्ये वनलायनर (एका ओळीत कथा) पाठवावा की दोन पानी सिनॉप्सिस (कथेचा सारांश), एवढं तरी सांगाच.