पिनियनचा ग्रब स्क्रू आतून गोल झालाय, मोटर खराब न करता कसा काढू?

मंडळी, मदत हवी आहे. माझी १/१० स्केलची रिमोट कंट्रोल बग्गी आहे, ब्रशलेस, मोटर ५४० साइजची, शाफ्ट ३.१७ मिमी. मोटर फार तापत होती म्हणून २१ दातांचा पिनियन (मोटरच्या शाफ्टवरचं छोटं दातेरी चाक) काढून १७ चा लावायला घेतला, तर तो शाफ्टवर आवळून धरणारा ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा छोटा स्क्रू) हलेचना. एम३ चा आहे, १.५ मिमीची ॲलन की लागते. माझ्याकडे गोल टोकाची होती, तीच घातली आणि जोर लावला, दोनदा कट्ट झालं आणि आता की नुसती गरागरा फिरते. आधीच्या मालकाने थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावतात तो गोंद) भरपूर ओतलेलं दिसतंय, कोणत्या रंगाचं ते माहीत नाही. डब्ल्यूडी-४० रात्रभर ठेवून पाहिलं, काही फरक नाही. पुलरने (चाक शाफ्टवरून ओढून काढायच्या अवजाराने) पिनियन तसाच ओढून काढू का? की हीटगन मारू? मोटर चांगली आहे हो, ती गमवायची नाहीये.

प्रतिसाद:
पुलर अजिबात लावू नका. स्क्रूचं टोक शाफ्टच्या चपट्या बाजूवर रुतलेलं असतं, तसंच ओढलंत तर शाफ्टवर चर पडेल आणि बेअरिंगला झटका बसेल तो वेगळाच. हीटगनही नको, रोटरचे (मोटरच्या आतल्या फिरत्या भागाचे) निओडिमियम मॅग्नेट जास्त उष्णतेने कायमचे कमजोर होतात. उष्णता फक्त स्क्रूला द्यायची. सोल्डरिंग आयर्नचं टोक थेट स्क्रूच्या खाचेत टेकवून मिनिट दोन मिनिटं धरा, निळं थ्रेडलॉकर असेल तर लवकर मऊ पडतं, लाल असेल तर साधारण २५० अंशांपर्यंत तापावं लागतं म्हणून धीर धरा, मधेमधे मोटरच्या डब्याला हात लावून बघा, चटका बसला तर थांबा, गार होऊ द्या.

तापवण्याआधी खाचेतला कचरा सुईने कोरून काढा. मग टी६ टॉर्क्स (चांदणीच्या आकाराचा) बिट खाचेत हलक्या हातोडीने ठोकून बसवा, गोल झालेल्या १.५ च्या खाचेत तो गच्च बसतो. ठोकताना पिनियनखाली लाकडाचा ठोकळा हवाच, नाहीतर सगळा मार शाफ्टवर जातो. बिट बसलेला असतानाच त्यालाही आयर्न लावा आणि गरम असताना फिरवा, आधी किंचित आवळायच्या दिशेने, मग उलटं. आणि गाडीतली लायपो बॅटरी काढली आहे ना?

प्रतिसाद:
वरच्यांशी सहमत. टॉर्क्सही फिरला तर पिनियनचा मोह सोडा, तो नवीन मिळतो, मोटर वाचवा. रोटरी टूलच्या कटिंग डिस्कने पिनियनची कॉलर आणि स्क्रू यांवर मिळून एक आडवी खाच पाडा आणि चपट्या स्क्रूड्रायव्हरने फिरवा. ड्रिलच्या मागे लागू नका, ग्रब स्क्रू कडक पोलादाचा असतो, बारीक ड्रिल घसरतं नाहीतर आतच तुटतं, मग दुप्पट काम. कापण्याआधी मोटरची सगळी भोकं टेपने बंद करा, लोखंडाचा कीस मॅग्नेट आत ओढून घेतात आणि तो मग निघत नाही.

धागाकर्ता:
निघाला!! पहिल्यांदा तापवून काही झालं नाही, दुसऱ्यांदा जवळपास तीन मिनिटं धरलं, टॉर्क्स ठोकला आणि टक् करून सुटला. लाल थ्रेडलॉकरच होतं, आट्यांत लाल भुकटी दिसली. बॅटरी आधीच काढलेली होती. दोघांचेही मनापासून आभार. आता शाफ्टच्या चपट्या बाजूला बारीक कंगोरा आलाय, त्यामुळे नवीन पिनियन सरकत नाहीये. आणि नव्या स्क्रूला थ्रेडलॉकर लावू की नको, आता भीतीच वाटते.

प्रतिसाद:
कंगोरा बारीक कानशीने उतरवा, फक्त वर आलेला भाग, चपटी बाजू आणखी खाली नेऊ नका. थ्रेडलॉकर लावायचंच, नाहीतर धावताना पिनियन सुटून स्पर गिअरचे (पिनियन ज्याला फिरवतो त्या मोठ्या चाकाचे) दात खाईल. पण निळं, तेही एकच थेंब, आणि त्याआधी डब्ल्यूडी-४० चं तेल आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढा, तेलावर ते धरत नाही. स्क्रू शाफ्टच्या चपट्या बाजूवरच येतोय ना ते बघा आणि आवळायला सरळ टोकाची की घ्या, गोल टोकाची फक्त सैल स्क्रू फिरवण्यापुरती.