गूळ, स्टीव्हिया आणि मुलांचे दात

प्रश्न : माझ्या सहा वर्षांच्या मुलीच्या दोन दाढा किडल्या आहेत. साखर बंद करून दुधात गूळ किंवा स्टीव्हियाची पूड घातल्यास कीड थांबेल का?

प्रतिसाद १ : गुळाने काहीच साधणार नाही, कारण गूळ म्हणजे मुख्यत्वे सुक्रोजच, म्हणजे नेहमीच्या साखरेतलाच घटक, दातांवरील थरातले जिवाणू त्यापासून आम्ल तयार करतात आणि तिथला सामू (pH, आम्लतेचे माप; तो जितका कमी तितके आम्ल जास्त) सुमारे ५.५ च्या खाली गेला की दाताचे कवच विरघळू लागते. मधाचेही तेच. स्टीव्हियाच्या पानांतील गोडव्यापासून या जिवाणूंना आम्ल बनवता येत नाही. मात्र बाजारातील पुड्यांत अनेकदा डेक्स्ट्रोज (एक प्रकारची साखर) किंवा माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासूनची पूड) मिसळलेले असते आणि त्यांपासून जिवाणू आम्ल बनवू शकतात, तेव्हा पाकिटामागची बारीक अक्षरे अवश्य वाचावीत.

प्रतिसाद २ : झायलिटॉल या साखरेऐवजी वापरायच्या गोड पदार्थाचाही विचार व्हावा; त्यापासूनही या जिवाणूंना आम्ल बनवता येत नाही. बर्चच्या लाकडापासून किंवा दाणे काढलेल्या मक्याच्या कणसांपासून ते तयार करतात. फिनलंडमधील तुर्कू येथे १९७०च्या दशकात त्यावर गाजलेले प्रयोग झाले. अति खाल्ल्यास पोट बिघडते, आणि घरात कुत्रा असेल तर डबा त्याच्यापासून लांबच ठेवावा, कारण कुत्र्यांना ते विषारी असते.

प्रतिसाद ३ : दाढेत पडलेला खड्डा गोडी बदलल्याने भरून येत नाही. आधी दंतवैद्यांना दाखवावे, आणि रात्री फ्लोराइडयुक्त पेस्टने दात घासल्यावर दूधसुद्धा देऊ नये.