अमेरिका आणि पुढे क्रूझ: चेक-इन बॅगेला टीएसए कुलूप लावावे की घरातले साधे?

दादरपश्चिम यांचा प्रश्न

नमस्कार. माझे आई-बाबा डिसेंबरमध्ये मुंबईहून न्यूअर्कला भावाकडे जात आहेत. तिथून भावाच्या कुटुंबासह मायामीपर्यंत विमानाने आणि पुढे क्रूझने, असा बेत आहे. दोघांच्या प्रत्येकी दोन मोठ्या बॅगा आहेत आणि त्यांत भाजणी, गोडा मसाला, नातवंडांचे कपडे असे बरेच सामान आहे.

बाबांचे म्हणणे आहे की घरातली पितळी कुलपेच लावावीत. ती दणकट आहेत आणि किल्ली आपल्याच खिशात राहते. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या दुकानदाराने मात्र पत्त्यांतल्या चौकटीसारखे लाल चिन्ह असलेली नंबरची कुलपे, म्हणजे टीएसए (अमेरिकेची वाहतूक सुरक्षा यंत्रणा) कुलपे, पुढे केली आणि अमेरिकेला जायचे तर हीच लागतात असे सांगितले. त्या कुलपाला तळाशी किल्लीचे छिद्र आहे, पण पाकिटात किल्ली नाही. विचारले तर ‘ती किल्ली गिऱ्हाइकाला देतच नाहीत’ असे उत्तर मिळाले. ज्या कुलपाची किल्ली आपल्याकडे नाही आणि कोणा परक्याकडे आहे, ते आपण पैसे देऊन का घ्यायचे, हा आईचा प्रश्न आहे आणि मला त्याचे नीट उत्तर देता आलेले नाही. हे कुलूप खरोखर सक्तीचे आहे का? मुंबई विमानतळावर आणि क्रूझवर त्याचा काही उपयोग होतो का?

पार्लेपूर्व यांचे उत्तर

दुकानदाराने किल्लीबद्दल जे सांगितले ते बरोबर आहे. ‘हीच लागतात’ हे मात्र बरोबर नाही. अमेरिकेत बॅगेला कुलूप लावण्याची सक्ती नाही आणि लावलेच तर अमुकच लावा असाही नियम नाही. तपासणीसाठी बॅग उघडावी लागली आणि कुलूप उघडता आले नाही, तर ते तोडण्याचा अधिकार तिथल्या यंत्रणेला आहे, आणि कुलूप तोडताना झालेल्या नुकसानीची जबाबदारी ती घेत नाही.

यामागची हकिकत अशी की, सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये झालेल्या कायद्याने टीएसए ही वाहतूक सुरक्षा यंत्रणा स्थापन झाली आणि चेक-इन केलेल्या प्रत्येक बॅगेची स्फोटकांसाठी तपासणी करण्याकरिता २००२ च्या अखेरची मुदत ठरवण्यात आली. बहुतेक बॅगा यंत्रातून जातात आणि पुढे निघतात, परंतु ज्या बॅगेतील चित्र स्पष्ट दिसत नाही ती हाताने उघडली जाते, आणि तेव्हा प्रवासी समोर नसतो; तो केव्हाच गेटकडे निघून गेलेला असतो. कुलपे तोडण्याचा प्रश्न इथून उद्भवला, आणि त्यावर तोडगा म्हणून २००३ पासून तपासनिसांकडील ठरावीक मास्टर किल्ल्यांनी उघडणारी कुलपे बाजारात आली. लाल चौकटीचे चिन्ह ट्रॅव्हल सेंट्री या कंपनीचे. सेफ स्काइज या दुसऱ्या कंपनीच्या कुलपांवर मशालीचे चिन्ह असते. ट्रॅव्हल सेंट्रीच्या कुलपावर ‘टीएसए ००२’ किंवा ‘टीएसए ००७’ असा क्रमांक कोरलेला असतो, तो कोणती मास्टर किल्ली लावायची हे तपासनिसाला कळावे म्हणून. तुमच्या आईंना एवढेच सांगा की, आपण कुलूप उघडायचे ते नंबराने. खालचे छिद्र फक्त तपासणीसाठी आहे. तपासणी झाली तर आत तशी छापील सूचना ठेवली जाते. काही कुलपांवर ते मास्टर किल्लीने उघडले गेल्याचे दाखवणारी लहानशी लाल खूणही येते. मी स्वतः तेच कुलूप निवडेन, कारण बेल्टवरून बॅग उचलल्याक्षणी आपल्याला काय ते समजते.

आता आईंच्या शंकेचा गंभीर भाग. त्या किल्ल्या आता केवळ तपासनिसांकडेच आहेत असे म्हणता येत नाही. २०१४ मध्ये वॉशिंग्टन पोस्टमधील एका लेखासोबत त्या किल्ल्यांच्या जुडग्याचे छायाचित्र प्रसिद्ध झाले आणि २०१५ मध्ये त्यावरून तयार केलेले थ्री-डी प्रिंटिंगचे नमुने इंटरनेटवर खुले झाले. सेफ स्काइजच्या किल्लीचीही पुढच्याच वर्षी तीच गत झाली. म्हणून या कुलपाकडून तिजोरीची अपेक्षा ठेवू नये. पण बाबांच्या पितळी कुलपाकडूनही ती ठेवता येत नाही, कारण बॅगेचा कमकुवत भाग कुलूप नसून चेन आहे. साध्या नायलॉन चेनच्या दातांमध्ये बॉलपेनचे टोक दाबून घातले की चेन मधूनच उकलते, आणि नंतर कुलूपबंद असलेले दोन्ही रनर (चेन उघडण्या-मिटण्याचे सरकते तुकडे) एकत्र पुढे-मागे सरकवले की ती पुन्हा जशीच्या तशी बंद होते. कुलपाला कोणी हातही लावलेला नसतो.

यावर एक सोपा उपाय आहे. सुटे कुलूप दोन रनरमध्ये अडकवून तसेच लोंबकळत ठेवू नका. त्याची कडी बॅगेच्या हँडलमधून किंवा बाजूच्या पक्क्या रिंगमधून ओवून घ्या, म्हणजे रनर जागचे हलत नाहीत आणि उकललेली चेन परत लावता येत नाही. ज्या बॅगांमध्ये कुलूप बाजूलाच बसवलेले असते आणि रनरची टोके त्यात रुततात, त्यांत ही सोय आपोआप होते. मात्र तसले कुलूप बिघडले तर बॅगच दुरुस्तीला न्यावी लागते, ही त्याची दुसरी बाजू.

मुंबईच्या बाबतीत: सहारच्या टर्मिनल २ वर चेक-इन बॅगेत पॉवर बँक किंवा सुट्या लिथियम बॅटऱ्या दिसल्या तर बॅग रोखली जाते आणि प्रवाशाला शोधले जाते, कारण या वस्तू चेक-इनमध्ये ठेवण्यास मनाईच आहे. ती मास्टर किल्ली इथेही चालेल असे गृहीत धरू नका. अशा प्रसंगी नंबर माहीत असलेला माणूस जवळ असणे हेच कामाचे, तेव्हा दोघांनाही सर्व कुलपांचे नंबर पाठ असू द्या.

घाटकोपरचा_प्रवासी यांचे उत्तर

वरील उत्तर पटले, तरी मी कुलूप लावतच नाही. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे प्लॅस्टिकचे केबल टाय रनरमधून ओवून घट्ट ओढतो. ते कापल्याशिवाय निघत नाहीत, म्हणून बॅग उघडली गेली की लगेच लक्षात येते; तपासनिसालाही कापून टाकण्यास सेकंद लागतो. रंग थोडा वेगळा निवडावा, म्हणजे कोणी कापून दुसरा लावला तरी कळेल. कातरी केबिन बॅगेत नेता येणार नाही, म्हणून मुक्कामी पोहोचल्यावर ती कुठून मिळवायची हे आधीच ठरवून ठेवावे. विमानतळावर मिळणारे प्लॅस्टिकचे वेष्टन अमेरिकेच्या प्रवासात मला निरर्थक वाटते. तपासणी झाली तर ते फाडले जाते आणि पुन्हा कोणी गुंडाळून देत नाही.

बॅलार्डपियर यांचे उत्तर

क्रूझबद्दल सांगतो, कारण तिथली पद्धत विमानापेक्षा वेगळी आहे आणि इथे लोकांचा गोंधळ होतो.

बंदरावर पोहोचल्यावर मोठ्या बॅगा हमालांकडे सोपवायच्या असतात. त्यांवर केबिन क्रमांकाचा टॅग असतो आणि त्या दुपारी किंवा संध्याकाळपर्यंत केबिनच्या दाराशी येतात. मधल्या वेळात त्यांचा एक्स-रे होतो. ही तपासणी बोटीची आणि बंदराची सुरक्षा व्यवस्था करते, त्यामुळे टीएसएच्या किल्लीची सोय तिथे आहे असे धरून चालू नये. इस्त्री, विजेची किटली, मेणबत्त्या, सर्ज प्रोटेक्टर असलेला एक्स्टेन्शन बोर्ड यांसारख्या वस्तू आगीच्या धोक्यामुळे बहुतेक क्रूझ कंपन्या चालवून घेत नाहीत. अशी वस्तू दिसली की बॅग केबिनकडे न येता सुरक्षा विभागात राहते, तुम्हाला तिथे बोलावले जाते आणि तुमच्या हातूनच उघडली जाते. आपली मंडळी चहासाठी छोटी किटली आवर्जून नेतात, आणि बॅग येईना म्हणून संध्याकाळी केबिनच्या दाराशी खोळंबून राहतात. घरी केलेले खाद्यपदार्थही बऱ्याच कंपन्या बोटीवर आणू देत नाहीत; कंपनीचे सीलबंद पाकीट असेल तर अडचण कमी येते. भाजणी आणि मसाला भावाच्या घरीच उतरवून ठेवावा हे बरे.

शेवटच्या रात्री बॅगा केबिनबाहेर ठेवायला सांगतात आणि त्या सकाळी टर्मिनलवर ताब्यात मिळतात. त्या रात्रभर बॅगेला कुलूप असावेच असे माझे ठाम मत आहे, कारण शेकडो बॅगा कॉरिडॉरमध्ये उभ्या असतात. पासपोर्ट, औषधे आणि दुसऱ्या दिवशीचे कपडे त्यापूर्वी हातातल्या पिशवीत काढून घ्या.

दादरपश्चिम

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आईला किल्लीचे कारण पटले. दोन गोष्टी राहिल्या. तिचे दोन दागिने नातीसाठी न्यायचे आहेत, ते चेक-इन बॅगेत खाली कपड्यांत ठेवावे असे ती म्हणते. आणि बॅगेतून काही गेलेच तर तक्रार कुठे करायची?

पार्लेपूर्व

दागिने चेक-इन बॅगेत कदापि ठेवू नका, कुलूप कोणतेही असो. दागिने, रोकड, महत्त्वाची कागदपत्रे यांची जबाबदारी विमान कंपन्या आपल्या अटींमध्ये साधारणपणे नाकारतात. ते आईंच्या अंगावर किंवा केबिन बॅगेत असावेत, आणि ती केबिन बॅग ऐनवेळी गेटवर विमानाच्या पोटात ठेवण्यासाठी मागितली तर त्यातून आधी काढून घ्यावेत.

तक्रारीचे म्हणाल, तर बेल्टवरून बॅग उचलली की हॉलमध्येच चेन, रनर आणि कुलूप बघा, आणि काही वावगे दिसले तर बाहेर पडण्यापूर्वी विमान कंपनीच्या काउंटरवर पीआयआर म्हणजे सामानाच्या तक्रारीचा अहवाल नोंदवून त्याची प्रत घ्या. आंतरराष्ट्रीय प्रवासाला मॉन्ट्रियल करार लागू असतो. त्यानुसार नुकसानीची लेखी तक्रार बॅग मिळाल्यापासून ७ दिवसांत करावी लागते. भरपाईची कमाल मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून प्रवाशामागे १,५१९ एसडीआर आहे. हे नाणेनिधीचे हिशेबाचे एकक आहे, त्याचा रुपयांतील भाव बदलता असतो. तपासणीत टीएसएकडून नुकसान झाले असे वाटत असेल, तर त्यांच्याकडे वेगळा दावा दोन वर्षांच्या आत करता येतो, आणि तेव्हा बॅगेत सापडलेली ती छापील सूचना जपून ठेवलेली असणे उपयोगी पडते.

नंबर लावताना एक काळजी घ्या. नवीन कुलूप बहुधा ०००वर असते. बदलण्याचे बटण दाबून नंबर फिरवल्यावर ते बटण पूर्ण मूळ जागी आले आहे ना, हे पाहा आणि कुलूप बॅगेला न लावता हातातच दोन-तीन वेळा उघडून-मिटून बघा. बटण अर्धवट राहिले तर प्रवासात चाके फिरून नंबर आपोआप बदलू शकतो. हे काम निघण्याच्या रात्री न करता आठवडाभर आधी, बाबांना शेजारी बसवून करा.