कोथिंबीर भात हिरवा राहायला
ताई, कुकरला लावल्यावर कोथिंबीर भात शेवाळी दिसतो आणि वासच उरत नाही म्हणताय, तर कोथिंबीर कुकरमध्ये घालायचीच नाही ओ. उष्णता आणि आंबट दोन्हीनं हिरवा रंग मरतो, त्यामुळं लिंबूपण ताटात वाढल्यावरच पिळायचं. आमच्याकडं वाटीभर कोलम धुऊन निथळत ठेवतात, मग पातेल्यात तुपावर जिरं, ठेचलेला लसूण, मिरची आणि कोथिंबिरीच्या कोवळ्या काड्या (टाकून देऊ नका, खरा वास त्यातच) परतून तांदूळ घालायचा, दोन वाट्या आधणाचं पाणी, मीठ, झाकण, बारीक गॅस. पाणी आटलं की गॅस बंद, आणि मग मूठभर पानं चिरून वरनं पसरायची, परत झाकण, दहा मिनिटं हात लावायचा नाही. पुदिना चार-पाच पानं बास, नाहीतर टूथपेस्ट खाल्ल्यागत होतंय.

वरच्या कमेंटमध्ये कुणीतरी कोलमऐवजी आजरा घनसाळ (आजऱ्याचा वासाचा तांदूळ) घ्या म्हणालंय, जीआय टॅगवाला (त्या भागाची खासियत म्हणून सरकारी नोंद असलेला) आहे मान्य, पण त्याला स्वतःचाच एवढा वास असताना कोथिंबीर कशाला, तो तांबड्या-पांढऱ्या रश्श्याबरोबर साधाच खावा. हा कोथिंबिरीचा मात्र सुक्या मटणाशेजारी वाढून बघा, लई भारी लागतोय.