आधी उंची मोजा, पंखा नंतर

होडीच्या मागे टांगलेलं इंजिन (आउटबोर्ड) वळताना नुसतं भणाणतं नि होडी सरकत नाही, असं एकाने विचारलंय आणि त्याला पाण्यातला पंखा (प्रोपेलर) बदलायचा सल्ला मिळालाय. थांबा, आत्ताच खर्च नको. होडी वाळूवर ओढा, इंजिन सरळ उभं करा आणि तळाला पट्टी लावा. पंख्यावरची आडवी प्लेट तळाच्या रेषेत किंवा बोटभर वर हवी. माझ्या होडीची मागची फळी, जिच्यावर इंजिन टांगतात, 20 इंच उंच, आणि इंजिन 15 इंची शाफ्टचं, म्हणजे पंख्यापर्यंतचा दांडा आखूड (स्वस्तात मिळालं ना!), त्यामुळे पंखा वर राहून हवाच खायचा. फळी कापली तर मागून लाट आत येते, म्हणून शेवटी लांब शाफ्टचं घेतलं. उलट इंजिन फार खाली असेल तर पाणी उडतं, वेग मरतो. तेव्हा फळीवर, इंजिनाच्या पकडीखाली लाकडी ठोकळा घालून थोडं थोडं उचला, पण थंडाव्याच्या पाण्याची पिचकारी चालू आहे ना, ते दरवेळी बघा.