टाळूचं ऑपरेशन झालंय पण मुलगा अजून नाकातूनच बोलतो, नेमकी तपासणी कोणती करायची?

ऋता_सांगली:
मुलगा साडेचार वर्षांचा आहे, दुभंगलेली टाळू होती, वर्षाचा असतानाच ऑपरेशन झालं. बोलतो भरपूर पण गेंगाणं, घरच्यांशिवाय कुणाला कळत नाही, 'काका' म्हणायला सांगितलं की घशातून नुसतं 'आआ' येतं. बालवाडीत मुलं चिडवायला लागलीत, जीव तुटतो हो. कुणी म्हणतं फुगे फुगवायला द्या टाळूला जोर येईल, कुणी म्हणतं परत ऑपरेशन. काय करू?

प्रथमेश_स्पीच:
ताई, फुग्यांच्या नादी लागू नका, फुंकायला जमलं म्हणून बोलणं सुधारत नाही. मी स्पीच थेरपिस्ट आहे, आम्ही आधी दोन गोष्टी वेगळ्या करतो. बोलताना टाळूचा मागचा मऊ भाग घशाच्या भिंतीला टेकून नाकाची वाट बंद करतो, तो आखूड पडत असेल तर हवा नाकातून जाते आणि तिथे बहुतेक वेळा सर्जनच लागतो. पण 'क' ऐवजी घशात झटका देणं ही लागलेली सवय, ती कितीही ऑपरेशनं केली तरी जात नाही, तिला थेरपीच. बऱ्याच मुलांत दोन्ही असतं.
'ताटात पापड वाढा' सारखं म, न नसलेलं वाक्य म्हणायला लावून नाकाखाली आरसा धरतात, धुकं आलं तर हवा गळतेय. मग नाक चिमटीत धरून तेच वाक्य, आवाज बदलतो का बघायचं, बदलला तर हवा नाकातून जातेय. टाळूत भोक राहिलंय का तेही बघतात. ऑपरेशनचा विचार असेल तर नाकातून दुर्बीण घालून, तो बोलत असताना टाळू कितपत हलते ते बघावं लागतं, या वयात बरीच मुलं करू देतात.

जुईची_मावशी:
कान तपासलेत का?? या मुलांच्या पडद्यामागे पाणी साठतं, कमी ऐकू येतं आणि मग बोलणंही तसंच होतं. आणि कुणी अ‍ॅडेनॉइड (नाकामागची गाठ) काढा म्हटलं तर आधी टाळूच्या सर्जनला विचारा, काही मुलांची टाळू त्या गाठीला टेकूनच वाट बंद करते, ती काढली की बोलणं अजून नाकात जातं. खर्चाचं म्हणाल तर जिल्ह्याच्या डीईआयसी सेंटरला (लहान मुलांच्या लवकर तपासणी-उपचाराचं सरकारी केंद्र) विचारा, दुभंगलेली टाळू सरकारच्या बाल स्वास्थ्य कार्यक्रमात येते. मुंबईला जमत असेल तर वांद्र्याला बोलण्या-ऐकण्याच्या अडचणींसाठीची अली यावर जंग संस्था आहे.

ऋता_सांगली:
आत्ताच नाक धरून 'पापड' म्हणायला लावलं, आवाज एकदम बदलला! कानाचं तर आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. सोमवारी जाते. जुने पेपर न्यायचे का?

प्रथमेश_स्पीच:
हो, डिस्चार्ज कार्ड न्याच. आणि तो घरी गप्पा मारत असताना मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवा, नवीन माणसासमोर मुलं तोंडच उघडत नाहीत.