‘बॅकबेंचर’, ‘सिलेक्ट कमिटी’ आणि ‘व्हीप’ : ब्रिटिश खासदाराच्या कामासाठी मराठी शब्द

प्रश्न

ग्वेनेथ डनवुडी या ब्रिटिश खासदारांविषयीचा एक इंग्रजी मजकूर मी मराठीत आणत आहे. मजूर पक्षाच्या या सदस्या १९६६ ते १९७० या काळात एक्सेटरमधून आणि १९७४ पासून २००८ मध्ये निधन होईपर्यंत क्रू, म्हणजे १९८३ नंतरच्या ‘क्रू आणि नँटविच’, मतदारसंघातून निवडून येत राहिल्या. साठच्या दशकाच्या अखेरीस त्या व्यापार खात्यात कनिष्ठ मंत्री होत्या. परंतु त्यांचे नाव घेतले जाते ते मुख्यतः वाहतूकविषयक संसदीय समितीच्या अध्यक्षा म्हणून. ‘बॅकबेंचर’ या नात्याने त्यांनी सभागृहातील चर्चांत केलेले ‘कॉन्ट्रिब्यूशन’ आणि ‘सिलेक्ट कमिटी’त केलेली ‘स्क्रूटिनी’ हा मजकुराचा गाभा आहे. कोशांच्या आधारे माझे वाक्य असे होते : ‘मागच्या बाकावरील खासदार या नात्याने त्यांनी चर्चांमध्ये योगदान दिले आणि प्रवर समितीत छाननी केली.’ व्याकरणाच्या दृष्टीने यात काही खटकत नाही, तरीही हे वाक्य वाचून त्या नेमके काय करत होत्या हे मराठी वाचकाला उमगेल असे मला वाटत नाही. जाणकारांनी प्रत्येक शब्दाविषयी मत द्यावे, ही विनंती.

प्रतिसाद

‘खासदार’ हा शब्द येथे चालेल, कारण डनवुडी कॉमन्स सभागृहाच्या, म्हणजे ब्रिटिश संसदेच्या कनिष्ठ सभागृहाच्या, निर्वाचित सदस्या होत्या. आपल्याकडे राज्यसभेचा सदस्यही खासदारच म्हणवला जातो. ब्रिटनमध्ये मात्र लॉर्ड्स सभागृहातील व्यक्तीला ‘एमपी’ म्हणत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी ‘उमराव सभागृहाचे सदस्य’ असे वेगळे लिहावे. दादाभाई नौरोजी १८९२ मध्ये सेंट्रल फिन्सबरीतून निवडून आले, त्या काळच्या मराठीत ‘पार्लमेंटचे सभासद’ असे म्हणत. तो शब्दप्रयोग आज जुनाट वाटतो, पण चुकीचा नव्हता.

आता बाकाविषयी. मराठीत ‘मागच्या बाकावरचा’ म्हटले की वर्गात लक्ष नसलेला विद्यार्थी डोळ्यांपुढे येतो, आणि आपल्या वाक्याची पहिली अडचण तीच आहे. कॉमन्समध्ये सत्ताधारी आणि विरोधी पक्षांची लांबट बाके समोरासमोर आहेत. दोन्ही बाजूंच्या पहिल्या रांगेत मंत्री आणि विरोधी पक्षाच्या छाया मंत्रिमंडळातील, म्हणजे एकेका मंत्र्याला उत्तर देणारे, प्रवक्ते बसतात, आणि ज्यांच्याकडे यांपैकी कोणतेही पद नाही ते सारे मागे बसतात. म्हणजे ‘मागचे बाक’ ही पदाच्या अभावाची खूण आहे, कुवतीची नव्हे. शिवाय तेथे सदस्यांना ठरावीक आसने नेमून दिलेली नसतात. ६५० सदस्यांच्या या सभागृहात सुमारे ४२७ जणांनाच बसता येते, त्यामुळे महत्त्वाच्या दिवशी जागा हवी असेल तर सकाळीच आपल्या नावाचे कार्ड ठेवून बैठकीच्या आरंभीच्या प्रार्थनेला हजर राहावे लागते. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्याने उद्ध्वस्त झालेले सभागृह पुन्हा बांधताना ते मुद्दाम असे लहान आणि आयताकृती ठेवावे, असा आग्रह चर्चिल यांनी १९४३ मध्ये धरला होता.

माझी सूचना अशी की पहिल्या उल्लेखाच्या वेळी ‘मंत्रिपद किंवा पक्षप्रवक्तेपद नसलेल्या, मागच्या बाकांवरील सदस्य’ असे सविस्तर लिहावे आणि पुढे ‘बॅकबेंचर’ हाच रुळलेला शब्द वापरावा. ‘बाकावरील’ नको, ‘बाकांवरील’ हवे. अनेकवचन केले की शाळेचा वर्ग बराचसा पुसला जातो. ‘बिनखात्याचा खासदार’ हा प्रयोग मी एका ठिकाणी वाचला आहे आणि तो कटाक्षाने टाळावा, कारण ‘बिनखात्याचा मंत्री’ हा मंत्रीच असतो.

प्रतिसाद

माझ्या मते खरा घोटाळा ‘प्रवर समिती’त आहे. कोश ‘सिलेक्ट कमिटी’ला ‘प्रवर समिती’ म्हणतो आणि भारतीय संसदेच्या संदर्भात ते योग्यच आहे. परंतु भारतात प्रवर समिती नेमली जाते ती एखाद्या विशिष्ट विधेयकाचा विचार करण्यासाठी, आणि अहवाल दिला की तिचे काम संपते. ब्रिटिश ‘सिलेक्ट कमिटी’चे काम निराळे आहे. कॉमन्सचे तेव्हाचे सभागृह नेते नॉर्मन सेंट जॉन-स्टीव्हस यांच्या पुढाकाराने १९७९ मध्ये तेथे प्रत्येक खात्यामागे एक समिती अशी व्यवस्था लागू झाली, आणि त्या समितीने आपल्या खात्याचा खर्च, कारभार व धोरण यांची वर्षानुवर्षे तपासणी करावी असे ठरले. आपल्याकडे हे काम कोण करते? १९९३ पासून ते काम ‘विभागांशी संबंधित स्थायी समित्या’ करतात.

गंमत पुढेच आहे. ब्रिटनमध्ये विधेयकांचा कलमवार विचार करणाऱ्या तात्पुरत्या समितीचे नाव कित्येक दशके ‘स्टँडिंग कमिटी’, म्हणजे शब्दशः ‘स्थायी समिती’, असे होते. २००६ मध्ये सभागृहाने घेतलेल्या निर्णयानंतर तिला ‘पब्लिक बिल कमिटी’ म्हणू लागले. म्हणजे दोन्ही देशांत नावे तीच, कामे मात्र जवळजवळ उलटी. २००६ पूर्वीचा ब्रिटिश मजकूर शब्दाला शब्द ठेवून मराठीत आणला, तर वाचक विधेयकावरील समितीला खात्याची समिती समजेल आणि खात्याच्या समितीला विधेयकावरील. डनवुडी यांची संसदीय कारकीर्द जवळपास सगळीच त्या आधीची असल्याने हा धोका आपल्या मजकुरात पावलोपावली आहे.

दोन्ही समित्यांतील वातावरणही वेगळे असते. विधेयकाच्या समितीत संबंधित मंत्री स्वतः सदस्य असतात, पक्षांचे प्रतोद असतात, आणि दुरुस्त्यांवर बहुधा पक्षनिहाय मतदान होते. खात्याच्या समितीत मंत्री सदस्य नसतात. त्यांना साक्षीदाराच्या खुर्चीत बसून उत्तरे द्यावी लागतात. म्हणून माझा आग्रह असा की अर्थावरून नाव द्यावे : ‘वाहतूक खात्यावरील संसदीय समिती’ आणि ‘विधेयक समिती’. ‘प्रवर’ हा शब्द ब्रिटिश संदर्भात पूर्णपणे सोडून द्यावा.

डनवुडी यांच्या बाबतीत हे नीट कळणे विशेष आवश्यक आहे, कारण त्यांची समिती त्यांच्याच पक्षाच्या सरकारवर देखरेख करत होती. हवाई वाहतूक नियंत्रणाचे अंशतः खासगीकरण आणि लंडनच्या भुयारी रेल्वेतील खासगी भागीदारी या दोन्ही योजनांवर त्यांच्या समितीने कडक टीका केली. २००१ च्या निवडणुकीनंतर पक्षाच्या प्रतोदांनी त्यांना आणि परराष्ट्र व्यवहार समितीचे अध्यक्ष डोनाल्ड अँडरसन यांना समित्यांमधून वगळण्याचा घाट घातला, तेव्हा मजूर पक्षाचे प्रचंड बहुमत असलेल्या सभागृहानेच तो प्रस्ताव फेटाळला आणि दोघांनाही परत आणणे सरकारला भाग पडले. पुढे २०१० पासून बहुतेक समित्यांचे अध्यक्ष सभागृहातील सदस्यांच्या गुप्त मतदानाने निवडले जाऊ लागले.

प्रश्नकर्ता

समित्यांच्या नावांचा गुंता आता सुटला, त्याबद्दल आभारी आहे. ‘योगदान’ आणि ‘छाननी’ या दोन शब्दांचे काय करावे?

प्रतिसाद

‘योगदान’ काढून टाकावे. हॅन्सार्डमध्ये, म्हणजे ब्रिटिश संसदेच्या अधिकृत वृत्तांतात, ‘कॉन्ट्रिब्यूशन’ म्हणजे सदस्याने सभागृहात केलेले कोणतेही नोंदलेले बोलणे : तासभराचे भाषण असो, एका ओळीचा पुरवणी प्रश्न असो, किंवा दुसऱ्याच्या भाषणात परवानगी घेऊन घातलेली हरकत असो. त्यात स्तुतीचा अंशही नाही. मराठीत ‘योगदान’ म्हटले की सत्कार समारंभ सुरू झाल्यासारखे वाटते. आपल्या विधिमंडळाच्या वृत्तांतातील ‘चर्चेत भाग घेतला’ हा साधा प्रयोग येथे नेमका बसतो.

‘छाननी’ हा शब्द मराठी वाचकाला उमेदवारी अर्जांमुळे परिचित आहे. तेथे नियमांशी ताडून अर्ज ठेवायचा की बाद करायचा एवढेच पाहतात. खात्याच्या समितीला काहीही बाद करता येत नाही. ती कागदपत्रे मागवते, मंत्री, अधिकारी व तज्ज्ञ यांच्या साक्षी घेते आणि अहवाल देते. त्या अहवालाला सरकारने दोन महिन्यांत उत्तर द्यावे अशी रीत आहे. ‘चौकशी’ म्हणावे तर गैरव्यवहाराचा वास येतो. माझी पसंती ‘चिकित्सा’ला आहे. महाराष्ट्र विधिमंडळात ‘संयुक्त चिकित्सा समिती’ हा शब्द रूढ आहे आणि विशेष जनसुरक्षा विधेयकाच्या निमित्ताने तो वर्तमानपत्रांतून सर्वत्र पोहोचला आहे. अर्थात ती समिती विधेयकावरची होती, म्हणून ‘चिकित्सा समिती’ हे नाव उचलू नये. ‘खात्याच्या कारभाराची चिकित्सा’ एवढेच क्रियेचे नाम घ्यावे.

प्रतिसाद

‘चिकित्सा’ला माझी हरकत नाही, परंतु विधेयकाच्या समितीतील कामासाठी ‘कलमवार विचार’ हाच प्रयोग ठेवावा. तो विधिमंडळाच्या परिभाषेतला आहे आणि त्याला पर्याय शोधण्याची गरज नाही. आणखी एक सावधगिरी : ‘प्रायव्हेट मेंबर्स बिल’ला वर्तमानपत्रे कधीकधी ‘खासगी विधेयक’ म्हणतात. ब्रिटनमध्ये ‘प्रायव्हेट बिल’ हा वेगळाच प्रकार असून तो एखादी कंपनी वा स्थानिक संस्था स्वतःपुरते अधिकार मिळवण्यासाठी मांडते. मंत्री नसलेल्या सदस्याच्या विधेयकाला ‘अशासकीय विधेयक’ म्हणावे. त्याचे मोल कमी लेखू नये. ब्रिटनमधील खुनासाठीची फाशी १९६५ मध्ये ज्या कायद्याने स्थगित झाली, तो सिडनी सिल्व्हरमन या बॅकबेंचरने मांडलेल्या अशासकीय विधेयकातून आला.

प्रश्नकर्ता

शेवटची शंका. मजकुरात एका ठिकाणी इतर काही बंडखोर सदस्यांचा ‘व्हीप विथड्रॉ’ केल्याचा उल्लेख आहे. ‘पक्षादेश मागे घेतला’ असे लिहिले तर चालेल का?

प्रतिसाद

कृपया तसे लिहू नये, अर्थ नेमका उलटा होईल. ‘पक्षादेश मागे घेतला’ म्हणजे मराठी वाचकाच्या दृष्टीने सदस्यांना हवे तसे मतदान करण्याची मुभा मिळाली. ब्रिटिश वापरात ‘व्हीप’ या एका शब्दाचे तीन अर्थ आहेत : मतदानाची व्यवस्था पाहणारी व्यक्ती, जिला आपण ‘प्रतोद’ म्हणतो, तिने पाठवलेली सूचना, जिच्याखाली महत्त्वानुसार एक, दोन किंवा तीन रेघा मारण्याची प्रथा आहे, आणि संसदीय पक्षाचे सदस्यत्व. ‘विथड्रॉ’ होतो तो तिसऱ्या अर्थाचा व्हीप. सप्टेंबर २०१९ मध्ये ब्रेक्झिटविषयक मतदानात सरकारविरुद्ध गेलेल्या २१ हुजूर सदस्यांचा व्हीप बोरिस जॉन्सन यांच्या पक्षाने काढून घेतला. त्यांत केनेथ क्लार्क आणि चर्चिल यांचे नातू निकोलस सोम्स होते. ते सारे त्या क्षणी संसदीय पक्षाबाहेर गेले, मात्र त्यांची खासदारकी कायम राहिली, कारण आपल्याकडे १९८५ मध्ये आलेल्या राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीसारखा पक्षांतरबंदी कायदा तेथे नाही. म्हणून ‘संसदीय पक्षातून निलंबित केले’ असे लिहावे. आणि वाचक ‘मग त्यांची आमदारकी-खासदारकी गेली असणार’ असे गृहीत धरण्याची दाट शक्यता असल्याने ‘सदस्यत्व मात्र अबाधित राहिले’ हे अर्धे वाक्य त्याला जोडून द्यावे.